निळ्या नोटेतली तार

माझ्याकडे युद्धकाळातल्या ब्रिटिश नोटांचे दोन अल्बम आहेत. जांभळ्या दहा शिलिंगच्या, निळ्या एक पौंडाच्या, आणि ब्रिटिश लष्करानं जिंकलेल्या मुलखात चालवलेल्या, सिंहाचं चित्र असलेल्या काही. ज्या नोटेपासून हा नाद लागला ती मात्र या अल्बममध्ये नाही. ती कपाटात, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या फायलीत आहे.

ती नोट आमच्या गावच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांची. त्यांचे वडील युद्धात इजिप्तमध्ये लष्कराचे ट्रक चालवायचे. परत येताना त्यांनी एक निळी नोट आणली, एक पौंडाची. दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की सर ती वर्गात आणायचे आणि एकेकाला खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायला लावायचे. शत्रूला नक्कल करता येऊ नये म्हणून तिच्या कागदात धातूची बारीक तार घातलेली होती.

"दिसली का तार?"

सगळे "दिसली" म्हणून जागेवर पळायचे. मला दिसली नाही, आणि मी तसं सांगितलं. सरांनी मला पुन्हा उभं केलं, नोट जरा तिरकी केली, आणि मग ती काळी रेघ दिसली. "न दिसलेलं दिसलं म्हणायचं नाही," ते वर्गाला म्हणाले. मी फुशारलो होतो.

आमच्या घरात सातवीपुढे कुणी शिकलेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म सरांनीच भरून दिला. दहावीचा निकाल लागला तेव्हा तेच मला तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेले आणि गुणपत्रिका लॅमिनेट करून आणली. "आता हा कागद भिजणार नाही." मी एवढंच शिकलो की मोलाचा कागद लॅमिनेट करायचा असतो.

दुबईची नोकरी लागली तेव्हा सरांनी ती नोट माझ्या हातात ठेवली. "सांभाळ. माझी नात मोठी झाली की तिच्यासाठी परत आण."

पहिल्याच महिन्यात मी शेजारच्या शारजातल्या रोल्ला बाजारात एका टायपिंगच्या दुकानात गेलो आणि पाच दिरहॅम देऊन नोट लॅमिनेट केली. पाच म्हणजे तेव्हाचे साठ रुपये. खर्चाचं वाईट वाटलं, पण कर्तव्य केल्यासारखंही वाटलं.

पुढे हात सैल झाला, आणि त्या नोटेच्या ओढीनं मी तशाच नोटा जमवू लागलो. शारजातल्या एका म्हाताऱ्या नोटाविक्रेत्याला एकदा ती कौतुकानं दाखवली. त्यानं ती दोन बोटांत धरली.

"भाईसाब, इसका तो दम घुट गया. प्लास्टिक निकालोगे तो रंग भी साथ आएगा. खलास."

माझी मुलगी शेजारी होती. "Baba, you mummified it," ती म्हणाली.

त्याच माणसाकडून मी तशीच दुसरी निळी नोट घेतली. दोनशे दिरहॅम, म्हणजे साडेचार हजारांच्या वर, हे बायकोनं दोनदा मोठ्यानं म्हणून दाखवलं. सरांना द्यायला ती घेतली, असं मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

यंदा सरांच्या नातीनं इतिहास घेऊन कॉलेजात प्रवेश घेतला. त्यांचा निरोप आला, "आता आण."

"दुसरी द्या," बायको म्हणाली. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं. त्यांना काय कळणार?"

माझ्याही मनात तेच होतं. शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा अल्बममधून काढलेली ती दुसरी नोट माझ्या समोर होती. सरांनी आधी मुलीची चौकशी केली, मग इथल्या उकाड्याची. मग विचारलं, "नोट बरी आहे ना?"

"सर, माझ्याकडून चूक झाली. मी ती लॅमिनेट केली. आता ती निघत नाही."

"लॅमिनेट? हे कुठं शिकलास?"

सर माझ्याकडे बघत राहिले, आणि मग हसण्यानं त्यांचे खांदे हलायला लागले. "अरे, मीच नेलं होतं की तुला. तुझ्या बापानं पुढं वर्षभर ती गुणपत्रिका देवाजवळ ठेवली होती."

"तशीच दुसरी नोट घेतलीय मी. चांगली आहे, कोरी दिसते. ती आणतो."

"तिला घड्या आहेत?"

"नाहीत."

"माझ्या वडिलांनी चार घड्या घालून ती खिशात बाळगली होती. तुझ्या प्लास्टिकमध्ये त्या घड्या आहेत का?"

मी फायलीतून जुनी नोट काढली. "आहेत. मधल्या घडीवर बारीक भोकसुद्धा आहे."

"मग तीच आण. कोरी तुझ्याजवळ ठेव." मग ते म्हणाले, "आणि तार?"

इतक्या वर्षांत मी बघितलंच नव्हतं. खिडकीपाशी गेलो. समोरच्या टॉवरच्या काचांवरून ऊन परतत होतं. जुनी नोट त्या उजेडात धरली, प्लास्टिक चमकलं, तशी जरा तिरकी केली. मुलीनं माझ्या खांद्यावरून फोनचा कॅमेरा नोटेकडे धरला.

"दिसली का, सर?"

फोनमध्ये सर डोळे बारीक करून बराच वेळ बघत होते.

"नाही दिसली," ते म्हणाले. "सुट्टीत ये. इथल्या खिडकीत बघू."