“घाला शीळ!”
डॉक्टर नलिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा हे आरशासमोर दाढी करत होते. यांना लगेच सांगायचा मला धीरच होईना. पिंपळगाव बसवंतला ताईंचा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. आमच्या घरात मात्र त्या शीळवाल्या डॉक्टरीणबाई...

यांचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. आमच्याकडे त्याला आजार म्हणतच नव्हते. सासूबाई लसूण घालून तेल कोमट करायच्या, कानात दोन थेंब सोडायच्या, वर कापसाचा बोळा. यांची शीळ मात्र अख्ख्या शिवारात प्रसिद्ध. बागेच्या त्या टोकाची माणसं एका शिळेवर जेवायला यायची. एका वर्षी ऐन द्राक्षकाढणीत कानाला घाण वास यायला लागला, चक्कर यायला लागली. एका सकाळी चहा ओठाच्या कडेने ओघळला, तेव्हा मी यांना अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं.

ताईंनी कानात दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “घाला शीळ.” मला वाटलं, थट्टा करतायत. यांनी ओठ गोल केले, पण नुसती हवा निघाली. तोंडाची डावी बाजू ढिम्म हलेना. मग ताईंनी कानाच्या तोंडाशी बोट दाबलं आणि हा धिप्पाड माणूस गरगरून खुर्चीतच कलंडला. मी किंचाळलेच.

“पडद्याला भोक आहे, आत कातडीची गाठ वाढलीये. हाड खातेय ती. चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलीये, वर मेंदू आहे. आजच नाशिकला चला, मी ऑपरेशन करते.”

“आज नाय जमायचं, मॅडम. उद्या माल काढायचाय, व्यापारी येणार हाय. चार दिसांनी येतो ना.”

ताई उठून दाराला टेकून उभ्या राहिल्या. “सकाळपेक्षा आत्ता तोंड जास्त वाकडं झालंय का, बायकोला विचारा.”

यांनी माझ्याकडे पाहिलं. झालं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. यांनी मुकाट्याने भावाला फोन लावला, “माल तू बघ.”

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा सासूबाई वणीच्या देवीला नवस बोलत होत्या आणि मी मनातल्या मनात त्या तेलावरून त्यांच्यावरच धुमसत होते. ताई बाहेर आल्या तशी मी उठून पुढे गेले. “गाठ निघाली, नस शाबूत आहे. त्या कानाने ऐकू कमीच येईल.” मग सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, “आई, लसणाचं तेल आता कढईतच हं.” त्या माउलीला रडावं की हसावं कळेना.

पुढे प्रत्येक तपासणीला आधी तोच हुकूम. घरीही रोज आरशासमोर शीळ घालायची ताकीद होती. ज्या दिवशी ती खणखणीत निघाली, त्या दिवशी ताईंनी टाळ्या वाजवल्या. “मला मेलीला जन्मात जमली नाही,” म्हणाल्या.

...शेवटी ताई गेल्याचं मी यांना सांगितलं. यांनी सवयीने ओठ गोल केले. नुसती हवा. मी आधी ओठाची डावी कड पाहिली. सरळ होती. डोळे भरले होते.

त्यानंतर कित्येक दिवस आरसा मुकाच होता. ती शांतता मला सोसवेना. परवा मी यांच्यामागे जाऊन उभी राहिले आणि ताईंच्याच आवाजात म्हणाले, “घाला शीळ.” यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, फेसाने भरलेला गाल पुसला, ओठ गोल केले... आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “आली गं बाई!”