आचाऱ्याची सुपारी

ती घटना आठवली की आजही ताटातली जिलेबी मी बाजूला सारतो. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, दुष्काळी कर्जत भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाचे मामा उलट्या करून कोसळले आणि विषबाधेची खबर आली. पाठोपाठ खबऱ्याचा फोन, "साहेब, आचाऱ्यानं मुलीच्या बापाच्या भावकीची सुपारी घेतलीय."

आचाऱ्याला सुपारी देणं म्हणजे लग्नाचा स्वयंपाक ठरवणं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण अंगावर खाकी असली की सुपारीचा एकच अर्थ कानात शिरतो. भावकीचं मुलीच्या बापाशी वाकडं होतंच, त्यातून सकाळीच, जिलेबी कमी केली म्हणून बापाशी आचाऱ्याची वाजली होती. अन्नाचे नमुने सील केले, पंचनामा उरकला आणि बेलापूरच्या त्या आचाऱ्याला ठाण्यात आणून बसवलं.

तो एकच सांगत राहिला. भावकीतलं पुढच्या महिन्यातलं लग्न त्याच्याकडे होतं, सुपारी तीच. मग जिलेबी का कमी केली?

"साहेब, सालभर झालं, माझी पातेली भरलेली माघारी येत्यात. बडी मानसं दोन घासांत हात धुत्यात. भूक मरायचं इंजेक्शन घेत्यात म्हनं. अन्न उकिरड्यावर जाताना बघवत न्हाई."

हवालदार हसला. मीही हसलो. दुष्काळी तालुक्यात भूक मारायला औषध लागतं, ही थाप कोण ऐकून घेणार? दिवसरात्र त्याला बाकावर बसवून ठेवलं. तेवढ्यात बातमी गावोगाव गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मामांनी मला आधी दार लावायला सांगितलं. वजन उतरवायचं इंजेक्शन ते घरच्यांपासून लपवून घेत होते आणि नुकताच डोस वाढवला होता. दोन घासांत पोट भरलं, पण मुलीकडच्यांनी आग्रह करकरून सहा जिलेब्या वाढल्या. "नगं म्हनलो असतो तर मान राखला न्हाई म्हनले असते," ते म्हणाले. डॉक्टरांनीही तेच कारण सांगितलं. पंगतीत दुसऱ्या कुणालाच काही झालं नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

आचाऱ्याला लगेच मोकळं केलं. गुन्हा दाखल नव्हता, त्यामुळे कागदावर काही राहिलं नाही. लोकांच्या तोंडी मात्र राहिलं. दिलेल्या सुपाऱ्या परत गेल्या, सगळ्यात आधी भावकीची.

निवृत्तीनंतर माझ्या मुलीच्या लग्नाची सुपारी घेऊन मी स्वतः बेलापूरला गेलो. त्यानं चहा पाजला, सुपारीला हात लावला नाही. पातेली विकून टाकली होती.

"लोकांची भूक कमी झाली, ते मी वळखलं हुतं," तो म्हणाला. "थोडकं रांधून जगलो असतो. पर तुमी नेल्यापास्नं माझ्या हातचं कुनी खातच न्हाई."

संशयिताचं खोटं पकडण्यात माझी हयात गेली. त्या माणसानं खरं सांगितलं, ते मात्र मला ओळखता आलं नाही.

लग्नात दुसरा आचारी होता. निम्मी जिलेबी उरली. बेलापूरच्या आचाऱ्याला एक फोन करावा असं फार वाटलं, पण माझं धाडस झालं नाही.