काचेच्या पेटीतली पिवळी कालुंदरं

सगळ्यांत आधी पत्रेवाल्या चाचांबद्दल लिहिते, कारण ते नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. नगरजवळच्या भिंगारात आमच्या खोलीसमोर त्यांचं दुकान. ट्रंका, कंदील, चाळण्या, तेलाची नरसाळी, पत्र्याचं म्हणून जे जे असतं ते चाचा करत. माझी काचेची पेटी त्यांनीच केली. ती गळायला लागली तेव्हा चार वेळा नीट केली. दर हिवाळ्यात रोज सकाळी आपल्या भट्टीतले निखारे राखेत पुरून तिच्याखाली ठेवायला दिले. मी तिसरी झाले आणि माझी शाळा सुटली, त्यामुळे लिहायला बसलं की धाकधूक होते. काही पुढंमागं झालं तर सांभाळून घ्यावं. पण ज्याचे उपकार त्याचं आधी सांगावं, एवढं मला कळतं.

माझं माहेर कारवारकडचं, खाडीच्या काठावर. लग्न होऊन नगरला आले ती लढाईच्या दिवसांत. हे लष्कराच्या वर्कशॉपात फिटर. गाव मोठं, माणसं चांगली, पण मला तिथलं काही म्हणजे काही येत नव्हतं. आम्ही तांदूळ खाणारी माणसं. ज्वारीची भाकरी थापायला घेतली की कडा फाटायच्या. आमच्या घरमालकीण मावशी, त्यांची शेती देवळाली प्रवरेकडं, त्या चुलीपाशी येऊन उभ्या राहायच्या.

"अगं कारवारकरणी, ही भाकर हाय का हिंदुस्थानचा नकाशा?"

मनानं वाईट नव्हत्या. दुसरी भाकरी त्याच थापून द्यायच्या. पण मी बोलले की माझे हेल ऐकून हसायच्या, आणि मग मी बोलणंच कमी केलं. सकाळी डोळा उघडला की पहिली भीती नळाची, मग दुधाची, मग यांच्या डब्याची. मला येतं असं एकही काम या मुलखात नाही, असं वाटायचं.

अशात माझा भाऊ भेटीला आला. हातात काथ्याच्या जाळीत बसवलेली मातीची घागर, तोंडाला फडकं. हुबळीपर्यंत मोटार, तिथून पुणं, पुण्याहून दौंड, दौंडहून नगर. सगळ्या वाटेनं मांडीवर घागर घेऊन आला होता. स्टेशन आलं की थोडं पाणी बदलायचा आणि पुडीतलं चिमूटभर मीठ टाकायचा. आत सात पिवळी कालुंदरं, अंगठ्याच्या नखाएवढी. कालुंदर म्हणजे आमच्या खाडीतला चपटा मासा. मोठा असतो तो ताटात येतो. ही त्याचीच धाकटी जात, पिवळीधमक, अंगावर बारीक तांबडे ठिपके, कुशीवर एक काळा डाग. सातांतली तीन वाटेतच गेली होती. भाऊ म्हणाला, "आक्का, तुला घरची कोण तरी हवी होती ना. ही चार आणली."

मावशींनी घागरीत वाकून पाहिलं. "एवढुशाचं कालवण व्हायचं न्हाई गं!"

"खायला नाहीत मावशी. पाळायची आहेत."

"खायचं ते बघत बसणार व्हय? लई शिकलेली दिसतीस!"

घागरीत ती दिसत नव्हती, नुसती वरून पाठ दिसायची. मी चाचांना विचारलं, काचेची पेटी होईल का. चाचांनी आधी मला बघितलं, मग घागरीत बघितलं. म्हणाले, "कंदिलाला काच लावतो तशीच लावायची. फरक काय, त्यात उजेड बाहेर येतो, यात पाणी बाहेर येऊ द्यायचं न्हाई." लढाईमुळे काच मिळत नव्हती. जुन्या तसबिरींच्या काचा त्यांनी कुठून कुठून जमवल्या. चार कोपरे आणि तळ पत्र्याचा, डाख देऊन जोडलेला. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल कुटून त्याची लांबी, म्हणजे काच बसवायचा लगदा केला, तो सांध्यांत भरला आणि पंधरा दिवस वाळवला. मी घाई केली की म्हणायचे, "बेटी, पाण्याला घाई चालत न्हाई."

पेटी चार विटांवर ठेवली, म्हणजे तळाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवता येईल. नगरची थंडी आमच्या खाडीच्या माशाला कुठली सोसायला! पाण्यात हात घालून मी ऊब बघायची, बाळाला न्हाऊ घालायचं पाणी बघतात तशी. यांनी दोन आण्यांच्या पैजेवर सांगितलं होतं की मासे महिनाभर जगणार नाहीत. ती पैज हे हरले.

वर्षभरात चौघं बोटभर झाले. त्यांतल्या दोघांनी जोडी जमवली आणि बाकीच्या दोघांना कोपऱ्यात दाबून टाकलं. त्यांना मी घागरीत हलवलं. मग त्या जोडीनं पाण्यातला कौलाचा तुकडा तोंडानं टोचून टोचून स्वच्छ केला आणि त्यावर अंडी चिकटवली, खसखशीपेक्षा जरा मोठी. नर आणि मादी पाळीपाळीनं त्यांच्यापुढं उभं राहून परांनी पाण्याचा वारा घालायचे. तीन-चार दिवसांनी अंडी फुटली. त्या दोघांनी वाळूत खड्डा केला आणि पिल्लं तोंडात धरून खड्ड्यात नेली. ते पाहून हे ओरडले, "अगं, खाल्ली!" मी पेटीवर वाकले. पण मादीनं तोंड उघडलं, आणि सगळी पिल्लं पुन्हा बाहेर. मी यांना म्हटलं, "मांजर पिल्लं हलवते तेव्हा तुम्ही ओरडता का?" लग्नानंतर यांना मी दिलेलं हे पहिलंच उलट उत्तर असेल.

आठवड्यानं पिल्लं पोहू लागली. शंभराला कमी नव्हती. नुसता धूर हलावा तशी आईबापांभोवती हलायची. उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग फडक्यातून गाळून मी पाण्यात सोडायची.

त्याच दिवसांत मुलींच्या शाळेच्या एक बाई ट्रंकेची कडी बसवून घ्यायला चाचांकडे आल्या. चाचांनी त्यांना थेट माझ्या पेटीपुढं आणून उभं केलं. "बघा बाई, आमच्या पोरीची शाळा." बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "शनिवारी माझ्या मुलींना घेऊन येते. तुम्ही त्यांना सगळं सांगा."

मी? मी हो म्हणून बसले. दार लावल्यावर मला घाम फुटला. पण त्या घामात आनंदही होता, तो लपवत नाही. या गावात मला येणारी एक गोष्ट होती, आणि ती पाहायला शाळा येणार होती.

बुधवारी सकाळी पाहते तर पिल्लं आईबापांच्या अंगाला टोचत होती. एकदोन नाही, झुंडीच्या झुंडी. झेप घ्यायची, कुशीला तोंड मारायचं, मागं फिरायचं. मादी फिकट दिसत होती. मावशींनी गालावर हात ठेवला. "आईला खात्यात गं! काय कलियुग आलं!"

आमच्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना कुणी त्रास देत नाही. तिनं बाजेवर पडायचं, तिला शेक द्यायचा, मूल रडलं तर आजीनं घ्यायचं. माझ्या डोक्यात तेच. एवढी अंडी घातली, एवढे दिवस राखली, आता हिला विश्रांती नको? मी चाळणीनं नर-मादी उचलली आणि दुसऱ्या घागरीत, कोमट पाण्यात ठेवली. घागरीच्या तोंडावर फडकं बांधलं. मोठं पुण्याचं काम केल्यासारखं मला वाटलं.

गुरुवारी तळाशी पांढरी पिल्लं पडली होती. मी अंडं जास्त घातलं. पाणी गढूळ झालं. पाणी बदललं. शुक्रवारी सकाळी निम्मीसुद्धा उरली नव्हती, आणि उरलेली वरच्या कडेला लोंबकळत होती. उद्या शनिवार. बाई मुलींची रांग घेऊन येणार आणि मी त्यांना मेलेली पिल्लं दाखवणार! हे म्हणाले, निरोप पाठवू, तब्येत बरी नाही म्हणून. मी तशीच उठले. रडतच दुकानात गेले आणि चाचांना म्हटलं, पेटी परत घेऊन टाका.

चाचा हातातली कात्री ठेवून आले. पेटीत पाहिलं. "आईबाप कुठं हायत?"

मी सांगितलं. पिल्लं आईला खात होती, म्हणून वेगळी काढली.

"खात हुती, तर जखम असंल. जखम कुठं हाय, दाव."

मी घागरीत ओला हात घातला आणि मादी तळव्यावर घेतली. लहानपणापासून मी मासे साफ केलेत. कालुंदराची कातडी माझ्या बोटांना तोंडपाठ आहे. खवला उचकटलेला नाही, रक्त नाही, पर फाटलेले नाहीत. उलट अंगावर बुळबुळीत साय होती, भाताची पेज निवल्यावर धरते तशी. एवढी जाड मी कुठल्या माशावर कधी पाहिली नव्हती. आणि दोन दिवस कुणी टोचलं नव्हतं म्हणून ती आणखीच साठली होती.

"चाचा," मी म्हटलं, "जखम नाही. हिच्या अंगावर काहीतरी आलंय. पिल्लं तेच खात होती."

चाचा हसले. "म्हंजे दूध पीत हुती लेकरं, आन् तू आईला उचलून नेलीस व्हय!"

हसले म्हणून मला आणखीच रडू आलं. पण आता दुसरी भीती. दोन दिवसांची ताटातूट. पुन्हा सोडली आणि आईबापांनी पिल्लांना ओळखलंच नाही तर? माशाला लहान मासा म्हणजे घास. उरलेली सगळी एका क्षणात जातील. मी मादी घागरीत सोडली आणि चाचांकडे पाहत उभी राहिले, त्यांनी ठरवावं म्हणून.

"माझ्याकडं काय बघतीस? मला पत्रा कळतो. मासा तुला कळतो."

नगरला येऊन मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी चाळणी घेतली, आधी मादी सोडली, मग नर.

दोघं तळाशी जाऊन बसली. बराच वेळ काहीच नाही. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग नर जरा वर आला आणि पोटाखालचे काळे पर झटकन उघडून मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. वरच्या कडेला लोंबकळणारं एक पिल्लू खाली उतरलं. त्याच्या मागं दुसरं. मग सगळीच, जत्रेत हरवलेली पोरं हाक ऐकून धावतात तशी. एकानं मादीच्या कुशीला टोचलं आणि तिनं अंगसुद्धा हलवलं नाही. उलट जरा तिरकी झाली.

मावशी म्हणाल्या, "पाजतीय की गं!" आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. चाचा दुकानात निघून गेले. त्यांचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

शनिवारी बाई आल्या. वीसेक मुली ओसरीवर दाटीवाटीनं बसल्या. मी माझ्या हेलातच सांगितलं. कुणी हसलं नाही. मी माझी चूकही सांगितली, लपवली नाही, बाळंतिणीच्या बाजेसकट. तेव्हा मात्र मुली खूप हसल्या, आणि मीही हसले. कातडीवरच्या सायीचं बोलू लागले तेव्हा बाईंनी वही काढली.

"थांबा. पुन्हा सांगा, जरा हळू. हे मला ठाऊक नव्हतं."

मी सांगत होते आणि शाळेच्या बाई लिहून घेत होत्या. जाताना त्यांनी विचारलं, कुठवर शिकलात. मी म्हटलं, तिसरी. हा शब्द मी इतक्या मोठ्यानं त्याआधी कधी उच्चारला नव्हता. मावशी मुलींना फाटकापर्यंत पोचवत सांगत होत्या, "आमच्याच घरात ऱ्हात्यात त्या."

त्या विणीतली तीस-पस्तीस पिल्लं मोठी झाली. काही शाळेत गेली, काही चाचांनीच आणखी दोन पेट्या करून इकडं तिकडं दिली. आता या गोष्टीला तीन-चार वर्षं झाली. पेटी अजून आहे, तिच्यात त्यांची नातवंडं आहेत. मला अजूनही रोज सकाळी भीती वाटते, पण आधी पाण्यात हात घालते आणि मग घाबरते.

चाचांनी पेटीबद्दल काही घेतलं नाही. विचारलं की कात्रीचा आवाज मोठा करतात. परवा कौलाच्या तुकड्यावर पुन्हा अंडी आली, ती बघता बघता त्यांनी मला विचारलं, "बेटी, खाडी म्हंजे केवढी असती? पलीकडचा माणूस दिसतो का?" चाचा दौंडच्या पुढं कधी गेलेले नाहीत. मी तेव्हा काही बोलले नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. चाचा, यांना रजा मिळाली की एका वर्षी मी तुम्हाला आणि चाचींना माझ्या माहेरी घेऊन जाणार. माझा भाऊ होडी काढील. भरती उतरल्यावर काठाच्या उथळ पाण्यात ही पिवळी कालुंदरं पिल्लं घेऊन फिरतात, तिथं तुम्हाला नेईन आणि पलीकडचा माणूस दिसतो की नाही ते तुम्हीच बघा.