माझ्या पायांचं श्रेय

आमच्या गावात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात आणि ती अर्धी खोटी आहे. मी सात वर्षांची असताना सूर्यग्रहणात मला उकिरड्यात गळ्यापर्यंत पुरलं आणि त्या गुणाने मी चालायला लागले, ही ती गोष्ट. पुरलं हे खरं. पुढचं साफ खोटं.

मला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मले तेव्हा बराच वेळ रडले नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि हातापायांना हुकूम सोडणारा भाग तेवढा दुखावला. बाकीचं डोकं शाबूत आहे, जरा जास्तच शाबूत आहे असं ऑफिसातले लोक म्हणतात. हे कुणाला लागत नाही आणि औषधाने जातही नाही. पाय ताठ राहतात, चालताना गुडघे एकमेकांवर घासतात, टाचा जमिनीला टेकायला तयार नसतात. जिभेचंही तेच, त्यामुळे बोलणं जड. नवखा माणूस माझी दोन वाक्यं ऐकून मान डोलावतो आणि शेजारच्याला विचारतो, "यांना काय पाहिजे?" लातूरच्या ज्या कार्यालयात मी कारकून आहे तिथे पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी मला मोठमोठ्याने, तान्ह्या बाळाशी बोलावं तसं, साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं. मी त्यांच्या अर्जातल्या सगळ्या चुका त्यांना तितक्याच सावकाश वाचून दाखवल्या.

गाव उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकच्या अंगाला. तिकडे जुनी समजूत आहे की अपंग लेकराला ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत मातीत पुरलं की त्याचं अंग सुटतं. आमच्या घरातही तेच ठरलं. ठरवताना मला कुणी विचारलं नाही, आणि आईलाही विचारलं असेल असं वाटत नाही. खड्डा मुरलेल्या शेणखतात होता, आत चांगली ऊब होती. नाकावर माशी बसली होती आणि माझे दोन्ही हात आत होते, हे मला आजही आठवतं. आई समोर बसून पदराने माशा वारत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत नव्हती.

बाहेर काढलं तेव्हा माझे पाय खरंच सरळ होते. जमलेल्या लोकांनी एकच गलका केला. आई माझ्या पायांना मिठी मारून रडली. आता मला माहीत आहे की उबेने आणि दाबाने ताठलेले स्नायू थोडा वेळ सैल पडतात. कढत पाण्याच्या शेकानेही पडतात. संध्याकाळपर्यंत पाय होते तसे झाले, पण तोवर गाव जेवूनखाऊन घरी गेलं होतं.

मला चालवलं ते आईने. लातूरच्या डॉक्टरांनी व्यायाम शिकवले होते. रोज सकाळी, चूल पेटवायच्या आधी, ती करडीचं तेल घेऊन बसायची. एक हात गुडघ्यावर, एका हाताने टाच खाली दाबायची आणि शंभरपर्यंत मोजायची. मी बोंबलायचे, चावायचे, तिला नको नको ते बोलायचे. ती मोजत राहायची. मध्ये एक ऑपरेशन झालं, मग पायांना पट्ट्यांचे बूट आले, पण टाच दाबणं सुटलं नाही. अकरा वर्षं. मी पहिल्यांदा आधाराशिवाय चालले ती हौदापासून दारापर्यंत, आणि ते बघायला आमची म्हैस सोडून कुणी नव्हतं. गावाला कळलं तेव्हा लोक म्हणाले, "गिराणाचा गुण हाय, सावकाश येतो."

आई हो ला हो करायची. मला याचा भयंकर राग यायचा. कष्ट हिचे आणि नाव सूर्याचं.

अलीकडच्या ग्रहणाला मी सुट्टीवर गावी होते. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला सगळेच अव्वा म्हणतात. तिची नात चार वर्षांची, अगदी माझ्यासारखी. कडेवर घेतलं की पायांची कात्री होते, लाळ गळते, पण डोळे लबाड, सगळं टिपणारे. सकाळी मी अंगणात आले तर अव्वाच्या उकिरड्यात खड्डा तयार. पोरीच्या आईने पोरीला पोटाशी घट्ट धरलं होतं आणि सासूपुढे तिचा आवाज फुटत नव्हता.

"बरं झालं आलीस," अव्वा मला म्हणाली. "तुझं बघूनच करायलोत बघ. तूच आमचा पुरावा हायस."

माझं डोकंच फिरलं. बाकी कशालाही मी पुरावा झाले असते, याला नाही. मी लंगडत गेले, खड्ड्याच्या काठावर बसले आणि दोन्ही पाय आत सोडले. आता मला उचलल्याशिवाय तिथे कुणाला पुरता येणार नव्हतं, आणि मी उचलायला सोपी नाही. राग आला की माझं सगळं अंग लाकूड होतं.

"मला ग्रहणाने चालवलं नाही," मी म्हणाले. "माझ्या आईने चालवलं."

अंगासारखीच जीभही रागाने ताठते. माझ्या तोंडून नुसता घरघराट निघाला. चारपाच बाया जमल्या होत्या, त्यांतल्या एकीलाही काही कळलं नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. माझ्या मागोमाग आई आली होती.

"काय म्हणायली गं तुझी लेक?" अव्वाने विचारलं.

जन्मभर आईच माझी दुभाषी. आणि ती माझं बोलणं नेहमी मऊ करून सांगते. मी म्हणायचे मास्तरला काही येत नाही, ती सांगायची हिला गणित जरा अवघड जातं. तेव्हा आता काय होणार हे मला ठाऊक होतं. ती म्हणणार, पोरीला बरं वाटत नाही, उन्हात बसू नका म्हणते. आणि मग मला दोघी धरून बाजूला करणार आणि ते लेकरू आत जाणार. मी आईकडे बघितलं. एवढ्या रागाने मी तिच्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

आईने खड्ड्यात सोडलेल्या माझ्या पायांकडे बघितलं.

"ती म्हणती, गिराणानं काईच झालं न्हाई," आई म्हणाली. "सांजच्याला पाय पुन्हा तसेच झालते. मी कुणाला सांगितलं न्हाई."

एवढं मी बोललेच नव्हते.

"का सांगितलं न्हाई?" अव्वा चिडली.

"माझ्या हातानं माती लोटली होती लेकीवर. काईच झालं न्हाई म्हणले असते, तर मंग कशापायी लोटली, हे हिला काय सांगू?"

ती हे अव्वाला सांगत होती आणि बघत माझ्याकडे होती. मला रडू आलं. मी तिला कधी माफ केलं होतं की नव्हतं, हे मलाच माहीत नव्हतं. त्या क्षणी केलं.

ऊन पिवळट व्हायला लागलं. ग्रहण लागलं म्हणून कुणीतरी ओरडलं. आमची आई ग्रहणात पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही, कशाला हात लावत नाही. ती तिथेच मातीत बसली, पोरीला तिच्या आईकडून मांडीवर घेतलं, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि टाच दाबली. पोरगी किंचाळली.

"हे करावं लागतं," आई म्हणाली. "आधी लातूरला दाखवा. डॉक्टर सांगंल तसं करा, रोज करा."

"किती दिस?"

"मला अकरा वर्षं लागली."

अव्वाने खड्ड्याकडे बघितलं. तिचा चेहरा पडला. अडीच तासांचं काम कुठे आणि हे कुठे! तिचा राग मला कळत होता, तरी मी पाय बाहेर काढले नाहीत.

"एवढं केलं तर चालंल का ही?" तिने आईला विचारलं.

आई मोजत टाच दाबत राहिली. म्हणून मी बोलले, एकेक शब्द सुटा करून. "माहीत नाही. नाही चालली तरी शाळेत घालायची. गाडीवर बसवून न्यायची."

अव्वाने नेहमीप्रमाणे आईकडे तोंड केलं. "काय म्हणती?"

"मला काय इचारता?" आई म्हणाली. "तिला इचारा. समजंस्तोवर इचारा."

अव्वा चुळबुळली. मग पदर सावरत खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर माझ्या समोर बसली आणि माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, "पुन्हा सांग, माय."