माळेतले न म्हटलेले शब्द

येशूच्या तसबिरीपुढे लाल रंगाचा एक छोटा बल्ब दिवसरात्र जळत असे, आणि संध्याकाळी घरातले बाकीचे दिवे मालवले की त्या तांबूस उजेडात मला फक्त मम्मीचा अंगठा दिसायचा — माळेच्या एका मण्यावरून दुसऱ्या मण्यावर सावकाश सरकणारा, कांदा-लसणाचा वास मुरलेला, नखाशी हळदीने पिवळा झालेला. स्वयंपाकघरातून तळलेल्या बोंबलांचा वास येत असे, मेणबत्तीचं मेण वितळत असे, खाली पनवेलच्या रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत असत... आणि चटईवर बसलेल्या मला भूक लागलेली असे. माझ्या बालपणाची भक्ती ही अशी होती, अर्धं लक्ष मरियामातेकडे आणि अर्धं बोंबलांकडे.

आमच्या माळेच्या प्रार्थनेची रीत सांगायला हवी. प्रत्येक मण्याची प्रार्थना दोन भागांत असते. पहिला भाग एकाने म्हणायचा, त्यात मरियेला वंदन. दुसरा भाग बाकीच्यांनी मिळून म्हणायचा, त्यात विनवणी — आम्हां पाप्यांसाठी ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ विनंती कर. पहिला भाग म्हणायचा मान घरात पाळीपाळीने फिरतो. पप्पा सुट्टीवर असले की त्यांची पाळी आली म्हणजे आम्ही खूश असायचो, कारण ते भराभर म्हणत आणि जेवण लवकर मिळे.

पप्पा जहाजावर इंजिनरूममध्ये होते. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ चाचे जहाजं पळवत होते, तेव्हाची ही गोष्ट. मी पाचवी-सहावीत असेन. एका दुपारी कंपनीच्या ऑफिसातून फोन आला, आणि मम्मी रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली ती फोन कट झाल्यावरही तशीच. पप्पांचं जहाज पळवलं होतं. माणसं सुखरूप आहेत, बोलणी सुरू आहेत, असं त्यांनी सांगितलं. पुढे कितीतरी महिने आम्ही तेवढंच ऐकत राहिलो... बोलणी सुरू आहेत. त्या शब्दांची मला शिसारी बसली.

त्या दिवसापासून माळेचा पहिला भाग मम्मीच म्हणू लागली. रोज, सगळ्या मण्यांना. पाळी कुणालाच नाही. करंजाहून रोझी आत्या, पप्पांची थोरली बहीण, दर शनिवारी सुकट घेऊन यायची आणि मुक्कामाला राहायची. तिला हे खपेना.

“अगो, माळेचं कंत्राट काय तुलाच दिलंय?” ती म्हणाली. “आमाला पन तोंड हाय. माजा पन भाऊस हाय तो!”

“मीच म्हणणार,” मम्मी म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की आत्यासारख्या आत्यानेही माघार घेतली.

मग एकदा मम्मीचा घसा बसला. नाइलाजाने तिने माळ माझ्या हातात दिली. मी पहिला भाग म्हणायचे, आत्या आणि मम्मी उत्तर द्यायच्या — आत्याचा आवाज खणखणीत, मम्मीचा घोगरा. तीन-चार मण्यांनंतर माझ्या ध्यानात आलं, मम्मीचा आवाज ‘आता’पाशी थांबतोय. पुढचं सगळं आत्या एकटी म्हणत होती. मम्मीचे ओठ घट्ट मिटलेले होते, पुढे घास केलेल्या आजारी मुलासारखे. तेव्हा मला कळलं की ती पहिला भाग का सोडत नव्हती. मरण हा शब्द तिला तोंडातून काढायचा नव्हता... पप्पा तिकडे बंदुकीपुढे बसलेले असताना तर नाहीच.

तिची भीती मला लागली. त्यानंतर तो शब्द कधी कानावर पडेल या धास्तीत मी असायचे. शाळेत, ट्यूशनला, चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत — कुठेही. फादर प्रवचनात आशेबद्दल बोलायचे, आशा हा ख्रिस्ती माणसाचा आधार आहे म्हणायचे, आणि मम्मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसायची. तरी ती एकही मिस्सा चुकवायची नाही. शेजारच्या हमिदाचाचींचा मुलगा कुवेतला होता. त्या आमची माळ संपेपर्यंत दाराशी खुर्चीवर डोकं झाकून बसायच्या.

“बीबी मरियम आमची पण हाय,” त्या म्हणायच्या. “दुवा केलीस ना? आता इत्मिनान ठेव, निश्चिंत राह.”

“इत्मिनान कुठून आणू, चाची?” मम्मी म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मेणबत्ती लावायची. विश्वास म्हणजे भीती नसणं, असं मला तोवर वाटत असे. आमच्या घरात तर दोन्ही एकाच चटईवर बसत होती.

शेवटी एकदाची ती बोलणी पार पडली आणि पप्पा परत आले. इतके वाळलेले, की विमानतळावर मी आधी त्यांच्या मागच्या माणसाकडे पाहून हात हलवला. पहिल्याच संध्याकाळी ते चटईवर बसले, आणि मम्मीने माळ घेण्याआधी हळूच म्हणाले, “तिथे माळ काढून घेतली होती. मी बोटांवर म्हणायचो. अर्धीच.”

“अर्धी?” आत्याने विचारलं.

“पहिला भाग मी म्हणायचो. मग गप्प बसायचो, पुढचं म्हणायला लागेल तेवढा वेळ. तुम्ही घरी म्हणत असणार, असं धरून.” ते मम्मीकडे पाहून हसले. “तुझा आवाज ऐकू यायचा मला.”

मम्मीचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. “तुम्ही सुरू करा,” ती पप्पांना म्हणाली. त्या संध्याकाळी पप्पांनी मुळीच घाई केली नाही. मम्मीने प्रत्येक मण्याला पुरतं उत्तर दिलं — ‘मरणाच्या वेळी’सकट. आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. त्यानंतर तिने पहिला भाग कधीच मागून घेतला नाही.

पप्पा पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. जासईच्या एका कंटेनर यार्डात त्यांनी नोकरी धरली आणि पुढे बरीच वर्षं आम्हांला लाभले. शेवटी यकृताच्या दुखण्याने गेले... घरी, स्वतःच्या खाटेवर, मम्मीचा हात हातात असताना. त्यांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पण ओठांवरून कळत होतं, पहिला भाग चालला होता. तो संपला आणि मम्मी अन् मी उत्तर द्यायला लागलो. ‘आता’ म्हणून झालं आणि मला पुढचा शब्द काही केल्या म्हणवेना. मम्मीने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या वाटणीचंही तिनेच म्हटलं, सावकाश, त्यांच्या कानाशी वाकून, त्यांना ऐकू जाईल असं.