मुहूर्ताचा खण

आमच्या मेहकरच्या जिनात हंगामाची सुरुवात पूजेनं व्हायची, आणि ती पूजा संपता संपायची नाही. दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या फाटकाशी लागल्या की शेटजी पहिल्या रेच्याला हळदकुंकू वाहायचा, नारळ फोडायचा आणि एखाद्या सवाष्णीच्या हातून कापसाची पहिली ओंजळ टाकून घ्यायचा. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. त्याच्या पुढ्यात आम्ही बाया दिवसभर उभ्या. मुहूर्ताच्या पाळीची मजुरी मागायची नाही, अशी रीत होती. पहिल्याच दिवशी लक्ष्मी घराबाहेर घालवू नये म्हणे. त्याबदल्यात प्रत्येकीला एक खण आणि खोबऱ्याचा तुकडा. एक पाळी देवाच्या नावानं गेली तर गेली, आमचं काही म्हणणं नव्हतं.

पण शेटजी भारी देवभोळा! एका पाळीचा मुहूर्त त्याला अपुरा वाटू लागला. एका वर्षी तो दोन दिवस चालला, पुढं आणखी लांबला, आणि मी सांगते त्या वर्षी तर या बाजारापासून त्या बाजारापर्यंत पुरता आठवडा चालला. लग्नाचा मुहूर्त घटकाभराचा, आमच्या रुईचा आठवडाभराचा. खण मात्र वाढला नाही, तो एकचा एकच राहिला. माझ्या तोंडाला तेव्हाही लगाम नव्हता. मी मुकादमाला म्हटलं, "शेटजीले सांगा, होळीपर्यंत ठेवा मुहूर्त, चांगला पक्का लागन." तो म्हणाला, "तू लय बोलतं वो," आणि मला सगळ्यात धुळीच्या कोपऱ्यातल्या रेच्यावर धाडलं.

माझ्या शेजारच्या रेच्यावर माझी नणंद होती. माझ्याहून मोठी, मी तिला बाई म्हणायची. नवरा वारल्यावर तिनं डोणगावाकडच्या सासरी काही वर्षं काढली. दिरानं तिला शेण दिलं, पाणी दिलं, गुरं दिली, चक्की दिली. पोटभर भाकर द्यायची तेवढी राहून गेली. शेवटी ती उठून आमच्याकडं आली. माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माणूस वाईट नव्हता. पण घरात खाणारी तोंडं फार. त्यानं तिला तोंडावर सांगितलं होतं, "जिनात काम आहे तवर राह्य. काम सुटलं तं मी तुह्या दिराले ना म्हनू शकत नाई." म्हणजे दुसऱ्या कुणाला जिन म्हणजे मजुरी असेल, बाईला ते डोक्यावरचं छप्पर होतं.

विधवा बाई मुकादम सहसा घ्यायचाच नाही. हिचा हात चपळ म्हणून घेतली. पण नारळ फुटेपर्यंत तिनं सरकीच्या ढिगामागं उभं राहायचं, कुणाच्या नजरेला पडायचं नाही, अशी शेठाणीची ताकीद. नारळ फुटला, पहिली ओंजळ पडली, की मुकादम ओरडायचा, "ये वो आता!" मग ती यायची आणि आमच्याबरोबर आठवडाभर फुकट राबायची. खण तिला नसायचा. विधवेला खण कोण देतो?

कचेरीपुढं एक अर्जनवीस बसायचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. त्याची बहीण आमच्यातच रेच्यावर होती. तिच्याकडून मुहूर्ताची गोष्ट ऐकून तो एका बाजाराला आम्हाला म्हणाला, "पूजा खुशाल करू द्या शेटले. पन मजुरी तुमचा हक आहे. नवा कायदा आला सरकारचा. जिनच्या मजुराचा पैसा दाबला तर दावा लावता येते. साहेब बुलडाण्याहून येऊन खुद्द ऐकते."

आता सरकार म्हणजे आमच्या लेखी शेतसारा घेणारं, घरपट्टी घेणारं. ते काही मिळवूनही देतं, हे ऐकून आम्ही आधी हसलो आणि मग चाचानं लिहिलेल्या अर्जावर अंगठे द्यायला बसलो. बाईला मी बाजूला घेतलं. म्हटलं, "बाई, तुमी देऊ नका अंगठा. काम गेलं तं दीर गाडी घेऊन येईन, समजून राह्यलं ना?"

ती म्हणाली, "वयनी, तुमाले खण तरी भेटला. मले काय भेटलं?" आणि सगळ्यांच्या आधी तिनं अंगठा शाईत बुडवला. मला तिचा राग आला, भीतीही वाटली. मी मात्र सही केली, कारण मी चौथी शिकलेली, आणि ती संधी मी कधी सोडत नसे.

दुसऱ्याच दिवशी मुकादमानं सांगून टाकलं, हा हंगाम करा, पण अर्जवाल्यांनी पुढच्या हंगामाला फाटकात पाय ठेवू नये. बाई त्या दिवशी जेवली नाही.

सुनावणी होळीच्या सुमारास, मेहकरच्या कचेरीत. साहेबापुढं जायचं म्हणजे चांगलंचुंगलं नेसून जायचं, इतकी अक्कल आम्हाला होती. आणि आमच्याजवळ ठेवणीतलं चांगलं काय, तर मुहूर्ताच्या खणाची चोळी. कुणी कुणाला विचारलं नाही. प्रत्येकीनं आपापल्या पेटीतून तीच काढली. कचेरीच्या पायऱ्यांवर आम्ही जमलो तर सगळ्या आमसुली रंगाच्या, पिवळ्या काठाच्या! मला तर आमचा मोठा थाट वाटला. चाचानं आम्हाला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! शेटचा सबूत तुमीच अंगात घालून आल्या!"

शेटजीच्या बाजूनं त्याचा दिवाणजी आला होता, त्याला तेवढंच हवं होतं. तो उभा राहून म्हणाला, "हुजूर, तो आठवडा कामाचा नव्हताच. पूजेचा होता. बायांनी भक्तीनं सेवा केली, शेटजीनं मानाचा खण दिला. तो मान यांनी आनंदानं घेतला आहे, हे हुजुरांना दिसतंच आहे." साहेबानं आमच्याकडं पाहिलं. त्याला दिसतच होतं. आम्ही पदर ओढून घेतले, पण पदर तरी किती ओढणार?

मग साहेबाची नजर बाईवर गेली. तिच्या अंगात पांढरी, विटकी चोळी. त्यानं विचारलं, "तुम्हीही पूजेत होता?"

बाईनं हात जोडले. म्हणाली, "साहेब, पूजेत मी कशी बसन? मी तं रांडमुंड बाई."

दिवाणजी तर ताडकन उठला. "छे छे, हुजूर! ही बाई पूजेत नव्हती! आमचे शेटजी असा अधर्म कसा होऊ देतील?"

"पूजेत नव्हती," साहेब लिहिता लिहिता म्हणाला. "मग आठवडाभर रेच्यावर काय करत होती?"

दिवाणजीनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाला, "काम."

चाचाच्या बहिणीनं पदर तोंडात कोंबला. मी मात्र मोठ्यानं हसले आणि शिपायाकडून दटावून घेतलं.

हुकूम असा झाला: ज्यांनी मान घेऊन सेवा केली त्यांचा दावा नामंजूर. जिला मान मिळाला नाही तिनं काम केलं, तिला पूर्ण मजुरी. सबंध जन्मात पांढऱ्या कपाळाचा बाईला झालेला तो पहिला फायदा. मला हसावं की रडावं कळेना. बाईनं त्या पैशांतून आम्हा सगळ्यांना बाजारात भजी खाऊ घातली. आमसुली चोळ्यांना तेलाचे डाग पाडत आम्ही ती खाल्ली, आणि चाचानं तिथंच बजावलं, "पुढच्या साली खणाले हात लावू नका."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दीर दोनदा येऊन गेला. बाई त्याला एवढंच म्हणायची, "दिवाळी होऊ द्या." दिवाळी झाली. जिनच्या मुहूर्ताच्या सकाळी त्याची गाडी आमच्या दारात उभीच होती, आणि बाईनं तिचं बोचकं बांधून कोपऱ्यात ठेवलं होतं.

फाटकाशी मुकादम आडवा उभा. पण औंदा कापूस मुबलक आला होता आणि शिकाऊ बायांनी रेचा भागत नाही. त्यानं तोंड वाकडं करून आम्हाला एकेक आत सोडलं. बाई तेवढी बाहेर राहिली. मी आतून पाहत होते. तेवढ्यात शेटजी स्वतः पुढं आला. तिला त्यानं ओळखलं; तिचा चपळ हात त्याला हवाच होता, मजुरी तेवढी द्यायची नव्हती. ज्या एका बाईनं त्याच्याकडून मजुरी काढली, तिला तो विसरतो होय!

"त्या बाईले पुढं घ्या," तो म्हणाला. "पूजेत उभी करा. पहिल्या रांगेत. अन् खण द्या."

शेठाणीच्या हातातलं तबक तिरपं झालं.  विधवांच्या भल्याची भाषणं करणारे पुढारी आमच्या बाजारात येऊन गेले होते, टाळ्याही घेऊन गेले. त्यांच्यानं जे झालं नाही ते शेटजीनं एका बाईची आठवड्याची मजुरी वाचवायला भर मांडवात करून दाखवलं.

खणांचं तबक आमच्यापुढून फिरलं. ठरल्याप्रमाणे एकीनंही हात लावला नाही. तबक बाईपाशी आलं. मी दात ओठ खात पुटपुटले, "बाई, घेऊ नका. खण घेतला की मजुरी गेली. बाई, ऐका माह्यं!"

तिनं दोन्ही हातांनी खण घेतला. नाकाशी नेला, नव्या कापडाचा वास घेतला. मग नारळ फुटला, आणि तो फुटताना पाहायला ती पहिल्या रांगेत होती.

दिराची गाडी रिकामी परत गेली. त्या आठवड्याची मजुरी शेटजीला आम्हा सगळ्यांना मोजून द्यावी लागली. बाजाराच्या दिवशी दिवाणजीनं एकेकीला बोलावलं. बाईला बोलावलं नाही. ती आमसुली चोळी घालून बाजूला उभी होती. माझा संताप संताप झाला. म्हटलं, "चला चाचाकडं. दावा लावू. मागच्या साली जितल्या तश्या यंदाही जिताल."

तिनं चोळीच्या पिवळ्या काठावरून बोट फिरवलं.

"नको वो वयनी," ती म्हणाली. "साहेबानं इचारलं तं काय सांगू? मी पूजेत नोयती म्हनू?"