पायलटताईंचा ट्रेलर

रुग्णवाहिका चालवायची म्हणून हॉस्पिटलात सगळे तिला पायलटताई म्हणायचे. निवृत्त होताना गाडीची किल्ली जमा केली, नाव मात्र तिच्याकडेच राहिलं. भाजीवालाही त्याच नावाने हाक मारायचा. उंच, काटक बाई. बोलणं जेवढ्यास तेवढं. खोड एकच. पाठीमागे कुणी उभं राहिलेलं तिला अजिबात खपायचं नाही. जेवायला बसली तरी खुर्ची भिंतीला टेकवून घ्यायची.

"ताई, भिंत पळून जाणार आहे का?" धाकटी बहीण हसायची.

धाकटी शाळेत गणित शिकवायची. नवरा गेल्यावर ती ताईकडे राहायला आली आणि येताना बडबडही घेऊन आली. ट्रेलर घ्यायची टूम तिचीच. जीपला जोडून रानावनात कुठेही ओढत न्यायचं, दोन माणसांनी आत झोपावं एवढं चाकांवरचं घर. "तुझी जीप आहेच, फक्त मागे जोडायचं," ती म्हणाली. 'मागे' हा शब्द ताईला खटकला. पण नवऱ्यामागे पहिल्यांदाच धाकटीने काहीतरी मागितलं होतं. ताईला नाही म्हणवेना.

जुना ट्रेलर मिळाला. वेल्डरभाऊंच्या शेडमध्ये तो नव्याने उभा राहिला. वेल्डरभाऊ म्हणजे ढेरपोटे, चष्मा कायम कपाळावर, आणि तोच चष्मा दिवसभर शोधणारे. त्यांनी खडबडीत रस्त्यासाठी स्प्रिंगा बदलल्या, मोठी चाकं चढवली, गॅसची टाकी पुढच्या दांड्यावर उभी करून पट्ट्याने जखडली. आत शेगडी पेटली तर हवा खेळावी म्हणून खाली-वर जाळ्या बसवल्या. "ह्या जाळ्या थंडी वाजली म्हणून बुजवायच्या नाहीत," ते म्हणाले. "थंडीने फार तर शिंका येतील. कोंडलेल्या धुराने माणूस उठतच नाही."

मग सामान भरायचा दिवस आला. धाकटीने बिडाचा तवा, पाट्याचा दगड, पुस्तकांची पेटी असं सगळं मागच्या कप्प्यात रचलं.

"बाई, फिरायला चाललात की संसार थाटायला?" वेल्डरभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाले. "जड सामान चाकांच्या वर, तेही खाली तळाशी. नाकावर, म्हणजे पुढच्या दांड्यावर, थोडा भार राहिलाच पाहिजे. मागे वजन झालं की नाक उचलतं आणि उतारावर ट्रेलर डावीउजवीकडे झुलायला लागतो. एकदा झुलला की काही तुमच्या हातात राहत नाही."

"मग दगड घरीच," धाकटी पडेल आवाजात म्हणाली.

ताईने जोडणी स्वतः शिकून घेतली. गाडीमागच्या गोळ्यावर ट्रेलरच्या नाकाचं कडं बसवायचं, खीळ लावायची, मग हाताने उचलून बघायचं. साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून तिरक्या घ्यायच्या. कडं निसटलंच तर नाक जमिनीवर आपटण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतं. ट्रेलर पार सुटला तर त्याचा ब्रेक आपोआप लागावा म्हणून एक बारीक तार. सगळं करून ती जीपमध्ये बसली आणि आरसा बघितला. आरशात फक्त पांढरा पत्रा होता.

हे दृश्य तिच्या ओळखीचं होतं. तिच्या नोकरीचं सगळं आयुष्य पाठीमागच्या पत्र्याकडे न बघता गेलं होतं.

फार वर्षांपूर्वी डोंगरावरच्या एका वस्तीतून तिने एका शिंप्याला उचललं होतं. छातीत कळ. घाई एवढी की त्याच्या गळ्यात अजून मापाची पट्टी लोंबत होती. मागे त्याच्याजवळ नर्स. ठोक्यांची खूण ठरलेली असायची: चालकामागच्या पत्र्यावर एक ठोका म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. उताराच्या मधोमध मागून दोन ठोके आले. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी; थांबायला जागा नव्हती. पुन्हा दोन आले. वळणापलीकडे थांबू म्हणत तिने गाडी दामटली. वळण संपलं, रुंद रस्ता लागला, पण आता ठोके बंद झाले होते. तिला वाटलं, निभावलं. ती थेट हॉस्पिटलच्या दारातच थांबली.

शिंपी वाटेतच गेला होता. थांबून काही उपयोग झाला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ताईने नर्सला बाजूला घेतलं. "तू ठोकलंस तेव्हा थांबता आलं नाही गं."

नर्स म्हणाली, "मी कुठे ठोकलं? माझे दोन्ही हात त्यांच्या छातीवर होते."

शिंप्याचं डोकं पत्र्याच्या बाजूला होतं, एवढंच ताईला ठाऊक होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, धाकटीलाही नाही.

दोघी निघाल्या त्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं होतं. नवी चाकं चढवली की थोडं अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात, हे वेल्डरभाऊंनी बजावून सांगितलं होतं. ताई पेट्रोल पंपावर पाना काढणार तोच मागच्या ट्रकने हॉर्नचा सपाटा लावला. पुढे आवळू म्हणून ती निघाली, आणि धाकटीच्या गप्पांत ते राहूनच गेलं.

डांबरी रस्ता संपून दगडमातीचा लागला. टायरमधली थोडी हवा सोडून ताईने जीप खालच्या गिअरमध्ये घातली. धाकटी शेंगदाणे खात शाळेतल्या कुठल्याशा सहकारिणीची नक्कल करत होती. समोर उतार उघडला आणि मागून दोन ठोके आले.

स्पष्ट. दारावर बोटाच्या पेराने मारावेत तसे.

"काय झालं?" धाकटीने विचारलं. "चेहरा का उतरला?"

"तुला काही ऐकू आलं?"

"नाही बाई. काय?"

वाट अरुंद होती, शेजारी घळ. थांबावं असं ठिकाणच नव्हतं. पुन्हा दोन ठोके. पुढे वळण दिसत होतं, त्यापलीकडे मोकळं मैदान. पाय ब्रेकवरून निघायला तयार नव्हता. तिने ऐन उतारावर जीप उभी केली.

"इथे? वेड लागलंय का तुला?"

"उतर. चाकांखाली ठोकळे लाव. बोलू नकोस."

ठोकळे लागले. ताईने कडं पाहिलं, साखळ्या पाहिल्या, गॅसचा पट्टा ओढून पाहिला. सगळं जागच्या जागी. मग ती डाव्या चाकाशी वाकली. एक नट गायब होता. दुसऱ्याला हात लावला तर तो बोटांनी फिरला. बाकीचेही जेमतेम लटकत होते. आणखी थोडं पुढे गेल्या असत्या तर चाक निखळून ट्रेलर घळीत, आणि त्यामागे जीप.

धाकटी मटकन दगडावर बसली. मग उठून दुसऱ्या चाकाचा एक नट काढून आणला, पाना धरला, आणि सगळं आवळून होईपर्यंत चक्क एक शब्द बोलली नाही.

मैदानावर पोचल्यावर चहा ठेवताना ती म्हणाली, "बरं झालं बाई, तुझे कान तिखट आहेत."

तेव्हा ताईने शिंप्याची गोष्ट सांगितली. मापाच्या पट्टीसकट सांगितली. धाकटीने ऐकून घेतलं. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. शेवटी तिने ताईच्या पाठीमागे, ट्रेलरच्या उघड्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आपली खुर्ची उचलून ताईच्या शेजारी आणून ठेवली.

परत आल्यावर ट्रेलर शेडमध्ये गेला. वेल्डरभाऊ आधी भरपूर रागावले, मग ठोक्यांचं ऐकल्यावर आत शिरून फळीन्‌फळी हलवून बाहेर आले. "नट सैल झाले की चाक सारखं खडखडतं," ते म्हणाले. "थांबून थांबून दोनच ठोके? असं वाजणारं ह्यात काही नाही बघा."

"मग काय वाजलं?" धाकटीने विचारलं.

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, ट्रेलरकडे पाहिलं आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर दोघी पुष्कळ हिंडल्या. ठोके पुन्हा कधी आले नाहीत. ताईला हायसं वाटायला हवं होतं, पण उतार लागला की ती कान टवकारून बसते, आणि मागून नुसता चाकांचा आवाज येत राहिला की तिला करमत नाही. म्हणून आता ती उतार सुरू होण्याआधी स्वतःच थांबते. धाकटी न विचारता ठोकळे लावते. ताई नट तपासते, साखळ्या तपासते, मग ट्रेलरचं दार उघडून आत वाकून बघते. घडी घातलेल्या चादरी, बांधलेली भांडी, रिकामी बाकडी.

"निघायचं ना?" एकदा ती आत बघत विचारत होती. धाकटी तेव्हा केव्हाच जीपमध्ये जाऊन बसली होती.